मॉलातली घासाघीस

सुभद्रा : ता कोळंबी सोलूचा ऱ्हवांदे वायच. तो लॉजवाल्यांचो झील दोन दिवस माज्या मासळीच्या पाटयेसमोर कित्या बसान होतो, ता सांग.

दिव्या : खयचो लॉजवालो?

सुभद्रा : आता खयचो म्हणान माकाच इचार. मुंबयसून इले ते, चिवल्याच्या वेळेर, दर्याच्या कडेक, लॉज बांधल्यानी ते. तेंचो थोरलो. अनिश म्हणान नाव सांगल्यान. काल सकाळी जेटयेरच्या मासळी बाजारात इलो, समोरच्या कट्ट्यार बसलो आणि माज्याकडे बघीत ऱ्हवलो. माका वाटला गिऱ्हाईक. मी सांगतंय, बाबा, बांगडो घे, आताच होडयेतसून उतरलो हा. तर म्हणता, "नको काकू, मी फक्त बघतोय." मासळी बाजार काय दशावतार आसा, फक्त बघूक?

दिव्या : मगे तू काय सांगलंस?

सुभद्रा : सांगूचा ता सांगलंय. तरी हलाक नाय. आज परत हजर. आणि आज इचारता काय, तर "काकू, तुम्ही गिऱ्हाइकाला खरंच शिव्या देता का?"

दिव्या : देवा रे.

सुभद्रा : एक दिलंय. तर तेचा तोंड असा फुलला, जसो काय प्रसाद गावलो. मगे एक बांगडो घेतल्यान आणि शेपटेक धरून असो लांब धरल्यान, मेलेलो उंदीर टाकूक नेतत तसो. आणि जाताना म्हणता, "मी दिव्याच्या वर्गात आहे." तेवा माका कळला, ह्या लचांड तुज्याकडसून इला हा. आता बोल.

दिव्या : काय मोठा नाय गो, आये. कॉलेजात वर्गातल्या सगळ्यांनी गेम केले. तेच्यावरसून जराशी बोलाचाली झाली.

सुभद्रा : गेम म्हणजे?

दिव्या : कॉम्प्युटरार खेळतत ते. सरांनी सांगल्यानी, प्रत्येकान एक साधो गेम करा. अख्खो नको, नमुनो. चालता काय आणि खेळणाऱ्याक मजा येता काय, येवढाच बघूचा. मगे सगळ्यांनी एकमेकांचे खेळूचे आणि अभिप्राय देवचो.

सुभद्रा : म्हणजे नावा ठेवूची.

दिव्या : नावा ठेवूची नाय. विधायक अभिप्राय. सर म्हणाले, अभिप्राय वडापावासारखो असाक व्हयो. आधी एक चांगली गोष्ट सांगूची, मधी सूचना, आणि शेवटाक परत एक चांगली गोष्ट.

सुभद्रा : तिखट ता मधी लपवूचा.

दिव्या : तसाच.

सुभद्रा : आणि ता तुका जमला?

दिव्या : माज्यासारखा कोणाक जमाक नाय. सगळो वर्ग माज्या पाळयेची वाट बघीत होतो. तो प्रितम आसा मा, मेढ्यातलो, तेणी गाडयेचो गेम केल्यान. गाडी रस्त्यायेवढी रुंद. पयल्या वळणार स्क्रीनच्या भायर गेली ती परत येवकच नाय. हॉर्न मात्र वाजतासा. मी उठलंय आणि सांगलंय, "गाडीचा रंग सुंदर आहे. गाडी थोडा वेळ स्क्रीनवर थांबली असती तर तो नीट बघता आला असता. आणि हॉर्न शेवटपर्यंत वाजतो, त्यामुळे गाडी जिथे कुठे आहे तिथे सुखरूप आहे हे कळतं."

सुभद्रा : फटको पडो तुका.

दिव्या : सर सुद्धा हसले. मगे प्रियांकाचो. वरसून मोदक पडतत आणि उंदराक ते झेलूचे आसत. मोदक सगळे डाव्या बाजूक पडतत. उंदीर उजव्या बाजूक उभो आणि तेका वळाक येना नाय. मी म्हटलंय, "उंदराचे डोळे फार बोलके आहेत. उंदीर आधीच मोदकांखाली उभा केला तर खेळणाऱ्याला संगणकापर्यंत येण्याचीसुद्धा गरज नाही. उपास असलेल्यांसाठी उत्तम गेम."

सुभद्रा : रडला आसतला ता चेडू.

दिव्या : रडाक नाय. माका थँक्यू म्हणाला. खालचो पाव दिलेलंय मा.

सुभद्रा : आणि तुजो कसलो होतो?

दिव्या : मॉलचो.

सुभद्रा : मॉल म्हणजे ती काचेची मोठी दुकाना? तू खंय बघलंस?

दिव्या : टीव्हीर. एक चेडू मॉलात जाता. दुकानदारांकडे भाव करता आणि कमी भावात जास्त कपडे घेवन भायर येता. दुकानदार कंटाळलो की तेचा तोंड लाल होता. ता लाल करूक माका किती दिवस लागले, तुका म्हायत नाय.

सुभद्रा : बरो आसा की.

दिव्या : अनिशान तसा म्हणाक नाय. तो मधल्या बाकार गप बसान होतो. उठलो आणि अगदी गोड आवाजात सांगल्यान, "रंग खूप छान आहेत. फक्त एकच, मॉलमध्ये घासाघीस करत नाहीत. भाव लिहिलेला असतो."

सुभद्रा : मगे?

दिव्या : मगे पाठसून कोणतरी म्हणालो, "हिचो मॉल जेटयेर आसा." सगळो वर्ग हसाक लागलो. मी ज्यांका वडापाव भरवलंय, ते सगळ्यात मोठ्यान. प्रियांका तर बाकार डोक्या ठेवन हसली. आणि तेवढ्यात अनिशान खालचो पाव दिल्यान, "पण घासाघीस एकदम खरी वाटते." तेच्यार आणखी हसले.

सुभद्रा : तेणी खोटा काय सांगल्यान?

दिव्या : खोटा सांगल्यान असता तर बरा झाला असता.

सुभद्रा : हां. आता कळाक लागला. मगे तेच्या गेमाची पाळी इली, आणि तू पदर खोचलंस.

दिव्या : तेचो गेम आधी आयक तरी. नाव काय, तर "मासळी बाजार". एक मासळीवाली पाटी घेवन बसली हा. खेळणारो गिऱ्हाईक. तो भाव पाडता, ती शिवये घालता. शिवी अक्षरा होवन तिच्या तोंडातसून भायर येता, आणि ती गिऱ्हाईकाक लागली की तेचो जीव कमी होता. मांजर इला की ती थंय बघता, तेवढ्यात गिऱ्हाईकान पाटयेतलो मासो चोरूचो. मासो चोरलो की दहा गुण. ती बाय म्हणजे एक मोठो गोळो, तेका तोंड, हात आणि नथ. आवाज तेणी सोताच काढल्यान, बारीक करून. वर्ग हसान हसान मेलो. सरांनी डोळे पुसल्यानी.

सुभद्रा : चलता काय पण तो गेम?

दिव्या : तोच तर चलता. अख्ख्या वर्गात तो एकच नीट चलता. गाडी पळना नाय, उंदीर वळना नाय, आणि ह्येची बाय बरोबर टायमार तोंड उघडता.

सुभद्रा : आणि तू काय सांगलंस?

दिव्या : मी उठलंय. वरचो पाव माका सुचाकच नाय. मी सरळ म्हटलंय, "या गेममध्ये चोरणाऱ्याला गुण मिळतात. विकणारीला काय मिळतं? तिला तोंड दिलंय, हात दिलेत, पाय दिलेले नाहीत. तिचा मासा जातो आणि तिला उठता येत नाही. यांच्या लॉजवर थाळीत बांगडा असतो, तो बहुतेक समुद्रातून स्वतः चालत येतो. ज्यानं हा गेम केलाय त्यानं मासळीवाली फक्त लांबून बघितलीय, नाक दाबून."

सुभद्रा : बरा सांगलंस. मगे?

दिव्या : कोण हसाक नाय. सर माका म्हणाले, "दिव्या, पाव कुठे आहेत?" मी म्हटलंय, "संपले."

सुभद्रा : आणि तो?

दिव्या : तो काय. उभो होतो. तास सुटलो.

सुभद्रा : काय बोलाक नाय?

दिव्या : नाय म्हटला मा.

सुभद्रा : मगे तेका कोणी सांगल्यान मी तुजी आवस म्हणान? आज तो माका म्हणालो, "तुम्ही दिव्याच्या आई ना? मला प्रितमनं सांगितलं." प्रितमची आवस माजा गिऱ्हाईक, तो कधीमधी पिशवी घेवन येता, तेका म्हायत आसा. पण तू थंय होतंस. प्रितमान कित्या सांगूक व्हया?

दिव्या : आता माका काय म्हायत.

सुभद्रा : माज्याकडे बघ. तास सुटाच्या आधी तेणी काय इचारल्यान?

दिव्या : इचारल्यान, "तुला एवढं कसं माहीत? बाजारात तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?"

सुभद्रा : आणि तू?

दिव्या : मी म्हटलंय, "नाही."

सुभद्रा : बरा.

दिव्या : आये, तशा सगळ्यांसमोर, नुकतेच माज्यार हसले ते...

सुभद्रा : बरा म्हटलंय मा. ती कोळंबी इकडे सार. आणि भायर बघ, कोण हाक मारता.

(अनिश पडवीत उभा. खांद्याला लॅपटॉपची बॅग.)

अनिश : काकू, आत येऊ का?

सुभद्रा : ये, ये. बांगडो खाल्लंस?

अनिश : आईनं आधी मलाच खाल्लं. म्हणाली, साफ करून आणायचा असतो एवढंही कळत नाही का.

सुभद्रा : बरोबर सांगल्यान. बस थंय. ओला आसा, वायच सरकान बस.

दिव्या : तू इथं कशाला आलास?

अनिश : सरांनी माझा गेम निवडला. कोल्हापूरच्या प्रदर्शनासाठी.

दिव्या : अभिनंदन. पेढे लॉजवरच वाटायचे होतेस.

अनिश : मी अजून हो म्हणालेलो नाही. म्हटलं, आधी काकूंना दाखवतो.

दिव्या : काकूंचा काय संबंध?

अनिश : काकूंचाच आहे तो. म्हणजे, मला तेव्हा त्या तुझी आई आहेत हे माहीत नव्हतं. आम्ही मुंबईहून आलो त्या आठवड्यात बाबांबरोबर बाजारात गेलो होतो. एक माणूस सुरमईला नावं ठेवत होता. काकू त्याला असं काही बोलल्या की तो ती घेऊन गेला, घेणार नव्हता तरी. मला इथं कुणी ओळखत नव्हतं. पण घरी मी ते करून दाखवलं की सगळे हसायचे, पाहुणे आले की बाबा मला तेच करायला लावायचे. म्हणून गेम केला. मला वाटलं, कौतुकच आहे ते.

दिव्या : चोराला दहा गुण, हे कौतुक?

अनिश : चोरी नंतर घातली. गेममध्ये काहीतरी जिंकावं लागतं ना.

सुभद्रा : दाखव माका.

दिव्या : आये, नको.

सुभद्रा : तू कोण माका सांगणारी? बाजारातला कोण तुज्या ओळखीचा नाय.

अनिश : काकू, हे असं उघडतं. थांबा, हात...

सुभद्रा : पुसलंय हात. ही मी?

अनिश : तुम्ही म्हणजे, तशी.

सुभद्रा : इतकी जाडी?

अनिश : मला गोलच नीट काढता येतो.

सुभद्रा : आणि ह्या नाकात काय? मी बाजारात नथ घालून बसतंय? नथ लग्नात घालतत, बाबा. गळो उघडोच ठेवलंस. दोन दिवस समोर बसान माजी पोवळ्यांची माळ दिसाक नाय तुका? मुद्दाम घातलंय आज, तू बघतंस म्हणान.

दिव्या : तू मुद्दाम माळ घातलंस?

सुभद्रा : कोण येवढा बघीत बसता, तर आपण बरा दिसाक नको? हां, आता काय करू?

अनिश : तुम्ही गिऱ्हाईक आहात. हे बटण दाबलं की भाव कमी होतो. मांजर आलं की हे दाबायचं, मासा उचलायला.

सुभद्रा : माज्याच पाटयेतसून मीच चोरूचा. बरा आसा. मांजर मात्र भारी केलंस. असाच येता, साधूसारखा. घे, चोरलंय. आता?

अनिश : दहा गुण.

सुभद्रा : आणि ही बसानच?

अनिश : ओरडते ना.

सुभद्रा : ता आयकतंय. कोंबयेची मान धरल्यासारखी ओरडता. ह्या आवाजाक एक मासो खपाचो नाय. तू काढलेलो हो आवाज तुज्या आवशीन आयकल्यान?

अनिश : तिला आवडतो.

सुभद्रा : तिका मासे विकूचे नसतत.

अनिश : काकू, दिव्या म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तिला पाय दिलेले नाहीत, ते. म्हणून दोन दिवस बसलो होतो. म्हटलं, चोरी झाली की तुम्ही कधी उठता, कशा उठता, ते बघावं. पण तुम्ही उठलाच नाहीत.

सुभद्रा : कोण चोरूक नाय तर उठू कित्या? तू समोर असो डोळे फाडून बसलेलंस, दोन दिवस मांजर सुद्धा फिरकाक नाय.

अनिश : मग काय करू? तिला उठवलं तर चोर लगेच पकडला जाईल. गेम तिथंच संपेल.

सुभद्रा : संपांदे की. चोरी केल्यार संपाक नको?

अनिश : पण मग कोल्हापूरला कोण खेळणार? दिव्या, तू सांग. वर्गात बोललीस तसं नको. खरी सूचना दे.

दिव्या : मला काय विचारतोस. माझ्या मॉलमध्ये घासाघीस होते.

अनिश : ते मी चुकीचं नव्हतो बोललो.

दिव्या : चुकीचं नव्हतास.

अनिश : पण जेटीचं मी नव्हतो म्हणालो. आणि हसलोही नव्हतो.

दिव्या : माहितेय. तू हसला असतास तर मला तुझ्यावर रागावणं सोपं गेलं असतं. ऐक. मी पण त्या दिवशी खोटं बोलले. ही माझी आई.

अनिश : प्रितमनं सांगितलं मला.

दिव्या : त्यानं सांगितलं ते त्याच्याकडे. मी सांगतेय.

सुभद्रा : कोळंबयेक पाणी सुटला. बोला लवकर काय बोलूचा ता.

दिव्या : तिला उठवू नकोस. मी म्हणाले पाय नाहीत, ते रागात म्हणाले. ती खरंच उठत नाही. पाटी सोडून उठली तर बाकीचे मासे जातील. ती बसूनच चोराचं नाव घेते. मग त्याच्या आवशीचं, बापसाचं, वाडीचं. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. मग शेजारची बघते, तिच्या पलीकडची बघते.

अनिश : आणि?

दिव्या : आणि मग त्याला कुणीच मासा देत नाही. तुझ्या गेममध्ये एकच पाटी आहे, म्हणून चोर जिंकतो. अख्खी रांग काढ. त्यानं चोरी केली की एकेक बाई त्याच्याकडे पाठ करेल. त्याचा जीव कमी होत नाही, गुणही जात नाहीत. दहा गुण घेऊन तो नुसता फिरत राहतो. त्याला काही मिळत नाही.

अनिश : म्हणजे गेम संपत नाही.

दिव्या : नाही संपत. तो कंटाळून बंद करेपर्यंत.

अनिश : आणि चोरी केली नाही, नीट भाव केला, तर पुढच्या पाटीवर जाता येतं. हे जमेल. पाठी काढायला सोप्या. गोलच असतात.

सुभद्रा : जाडये काढू नको.

अनिश : नाही काढत. माळ पण घालतो. काकू, आवाज तुम्ही द्याल का? तुमच्याच शिव्या. म्हणजे, जरा सौम्य.

सुभद्रा : माजो आवाज खंय कोल्हापुराक धाडतंस? आणि सौम्य शिवी माका येना नाय. हिचो घे. हिका सगळ्यो येतत. दूध सुटाच्या आधी माज्या बाजूक बसान शिकली. आता कॉलेजात जावन वडापाव करता, ता वेगळा.

अनिश : दिव्याचा? पण प्रदर्शनाआधी गेम परत वर्गात लावायचाय. सर ओळखतील. सगळेच ओळखतील.

दिव्या : ओळखांदेत.

अनिश : काय?

दिव्या : म्हटलं, ओळखांदेत. घे आवाज. काय बोलू?

अनिश : आत्ता नुसतं करून बघ. मासा चोरलाय, मी चोर.

दिव्या : मेल्या, फटको पडो तुज्या हाताक. लॉजात पैसे घेवन मासे वाढतंस आणि हंय फुकट उचलतंस? खयचो गो ह्यो, मुंबयसून इलेलो...

सुभद्रा : वायच मोठ्यान. माका सुद्धा आयकाक येना नाय.

दिव्या : मुंबयसून इलेलो, शेपटेक धरून मासो नेता तो! बघा गो सगळ्यांनी, ह्येका कोणी देव नको!

अनिश : हे शेपटीचं ठेवायचं?

दिव्या : ता आधी ठेव.

अनिश : काकू, बॅटरी संपत आलीय. मी उद्या माइक घेऊन येतो. निघू आता?

सुभद्रा : आता खंय चललंस? बस. दिव्या, चाय ठेव. आणि ते फळयेवरचे बरे कप काढ. तुज्या वर्गातला कोण आमच्या घराक आज पयल्यांदाच इला हा.